निराधार अनुदान आणि शेतकरी कुटुंब : उत्पन्नाची मर्यादा कशी समजून घ्यावी?



पेरणीचे अंतर, खताची मात्रा, किडींचे नियंत्रण या विषयांवर या मासिकातून आपण नेहमी वाचता. आजचा विषय थोडा वेगळा आहे. ज्या घरातील कर्ता माणूस गेला, ज्या घरात वृद्ध आई-वडील आहेत किंवा दिव्यांग मूल आहे, अशा अल्प उत्पन्नाच्या शेतकरी कुटुंबांसाठी शासनाच्या काही अर्थसहाय्य योजना आहेत. गावात त्यांना 'निराधारचा पगार' किंवा 'श्रावणबाळचा पगार' म्हणतात. हा पगार कोणाला मिळतो आणि कोणाला नाही, हे बहुतांशी एका आकड्यावर ठरते. तो आकडा म्हणजे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न. आणि उत्पन्न मोजण्याच्या बाबतीत आपण शेतकरी फार निष्काळजी असतो.

काही वर्षांपूर्वी हरभऱ्यावरील घाटेअळीच्या एका मेळाव्यासाठी मी एका कोरडवाहू गावात गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर एक विधवा भगिनी पिशवीतून कागद काढून म्हणाली, "सर, अळीचं समजलं. आता हे बघा. तीन एकर जमीन आहे म्हणून माझा पगार नामंजूर झाला. माझ्या वाट्याला तर एकच एकर येतं." कागद पाहिले. सातबारा सामायिक होता. त्यावर दोन दिरांची व तिच्या मयत पतीची नावे होती. पती जाऊन दोन वर्षे झाली तरी तिची वारस नोंद झालेली नव्हती आणि उत्पन्नाच्या दाखल्यात पूर्ण तीन एकरांचे उत्पन्न तिच्या नावे धरले होते. चूक एकट्या कार्यालयाची नव्हती. चौकशीच्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांनीच "तीन एकर, सोयाबीन आणि हरभरा" असे सांगून टाकले होते. पुढे वारस नोंद झाली, वाटणीचा अर्ज झाला, नवा दाखला निघाला आणि अर्ज मंजूर झाला. मात्र यात आणखी आठ महिने गेले. या आठ महिन्यांची भरपाई तिला कोणी दिली नाही.

अशी वेळ आपल्या घरी किंवा शेजारी येऊ नये म्हणून या पाठात योजनांचे दर, उत्पन्नाच्या मर्यादा, उत्पन्न मोजण्याची रीत आणि बचतीविषयीचे गैरसमज यांची माहिती दिली आहे.

१) मुख्य योजना व त्यांचे दर

अ) संजय गांधी निराधार अनुदान योजना : ही राज्य शासनाची योजना १९८० पासून चालू आहे. ६५ वर्षांखालील निराधार स्त्री-पुरुष, अनाथ मुले, दिव्यांग, क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांमुळे काम करू न शकणाऱ्या व्यक्ती, निराधार विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रिया हे तिचे प्रमुख लाभार्थी आहेत. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीचाही त्यात समावेश आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न रु. २१,००० पर्यंत असावे किंवा दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असावे, अशी अट आहे. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा वेगळी व अधिक आहे. अर्जदार किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो.

ब) श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना : ६५ वर्षे व त्यावरील निराधार वृद्धांसाठी. येथेही उत्पन्नाची मर्यादा रु. २१,००० हीच आहे.

या दोन्ही योजनांत २०२३ पासून दरमहा रु. १,५०० मिळतात. त्याआधी हा दर रु. १,००० होता. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा रु. २,५०० करण्यात आली आहे.

क) केंद्राच्या निवृत्तीवेतन योजना : राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला. त्या वेळी वृद्धांना केंद्राकडून दरमहा रु. ७५ मिळत. आज ८० वर्षांखालील वृद्धांसाठी केंद्राचा वाटा रु. २०० आणि ८० वर्षांवरील वृद्धांसाठी रु. ५०० आहे. विधवा व तीव्र दिव्यांग व्यक्तींसाठी केंद्राचा वाटा रु. ३०० आहे. या योजनांसाठी दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव लागते. महाराष्ट्रात केंद्राच्या वाट्यात राज्य आपली भर घालते व एकूण रक्कम वर सांगितलेल्या दराइतकी होते. म्हणजे ६५ ते ७९ वर्षांच्या वृद्धाला मिळणाऱ्या रु. १,५०० मध्ये केंद्राचे रु. २०० व राज्याचे रु. १,३०० असतात. त्यामुळे "केंद्राचा वेगळा आणि राज्याचा वेगळा पगार मिळेल" ही समजूत बरोबर नाही.

ड) राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना : दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वयाच्या कमावत्या व्यक्तीचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला एकरकमी रु. २०,००० मिळतात. मृत्यूचे कारण नैसर्गिक असो वा अपघाती, लाभ मिळतो. दुःखाच्या काळात या योजनेकडे लक्ष जात नाही आणि नंतर ती विसरली जाते. गावातील जाणत्या माणसांनी अशा घराला तिची आठवण करून द्यावी.

इ) मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना : ही योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या पात्र महिलांना दरमहा रु. १,५०० मिळतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा रु. २ लाख ५० हजार आहे. कुटुंबात चारचाकी वाहन असल्यास लाभ मिळत नाही. मात्र ट्रॅक्टरला यातून वगळले आहे. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असल्यास उत्पन्नाच्या वेगळ्या दाखल्याची गरज नाही, असे ठरवण्यात आले होते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. शासनाच्या दुसऱ्या योजनेतून दरमहा रु. १,५०० किंवा अधिक मिळत असतील तर त्या महिलेला लाडकी बहीण योजनेचा लाभ मिळत नाही. म्हणजे निराधारचा पगार चालू असलेल्या विधवा भगिनीला दोन्ही मिळत नाहीत. ज्या महिलेला शेतकरी सन्मान निधीच्या केंद्र व राज्याच्या दोन योजनांतून वर्षाला रु. १२,००० म्हणजे महिन्याला सरासरी रु. १,००० मिळतात, तिला फरकाचे रु. ५०० मिळतात.

२) प्रत्येक योजनेची मर्यादा वेगळी

"मी गरीब आहे, दाखला काढला आहे, मग एका ठिकाणी चालतो आणि दुसरीकडे का चालत नाही?" हा प्रश्न मेळाव्यात नेहमी विचारला जातो. कारण सोपे आहे. गरिबीची एकच रेषा सर्व योजनांना लागू नाही. पुढील आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

- पिवळी शिधापत्रिका : वार्षिक उत्पन्न रु. १५,००० पर्यंत
- निराधार व श्रावणबाळ : रु. २१,००० पर्यंत
- अन्न सुरक्षेतील प्राधान्य कुटुंब, ग्रामीण भाग : रु. ४४,००० पर्यंत
- अन्न सुरक्षेतील प्राधान्य कुटुंब, शहरी भाग : रु. ५९,००० पर्यंत
- केशरी शिधापत्रिका : रु. १५,००० च्या वर ते रु. १ लाखापर्यंत
- लाडकी बहीण : रु. २ लाख ५० हजारांपर्यंत

प्राधान्य कुटुंबाला दरमहा प्रत्येक व्यक्तीमागे ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला प्रत्येक कार्डामागे ३५ किलो धान्य मिळते. हे धान्य २०२३ पासून मोफत आहे व १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे ते मोफत देण्याचे केंद्राने ठरवले आहे.

काही योजनांना उत्पन्नाची मर्यादाच नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातील सर्व कुटुंबांचा समावेश असून वर्षाला प्रति कुटुंब रु. ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना रु. २ लाख मिळतात. तेथेही उत्पन्न पाहिले जात नाही. म्हणून निराधारचा अर्ज नामंजूर झाला म्हणजे सर्वच दारे बंद झाली, असे समजू नये.

३) उत्पादन, उत्पन्न आणि शिल्लक

आपल्या बोलण्यात 'उत्पन्न' हा शब्द तीन अर्थांनी येतो. "यंदा सोयाबीनचं उत्पन्न पाच क्विंटल आलं" असे म्हणताना आपण उत्पादन सांगत असतो. "उत्पन्न बावीस हजार झालं" असे म्हणताना आपण विक्रीची एकूण रक्कम सांगत असतो. खर्च वजा जाता जे हातात राहते ते निव्वळ उत्पन्न. चौकशीच्या वेळी तलाठी विचारतात आणि आपण बाजारपट्टीवरील एकूण रक्कम सांगून मोकळे होतो. ती कागदावर आली की मग तक्रार करून उपयोग होत नाही.

वर उल्लेख केलेल्या भगिनीच्या एका एकराचे उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरले आहेत. आपल्या भागातील दर व उतारा यांप्रमाणे ते बदलून घ्यावेत.

खरीप सोयाबीन, १ एकर :
उत्पादन ५ क्विंटल, दर रु. ४,४००, एकूण रु. २२,०००.
खर्च : बियाणे रु. २,४००, खते रु. २,२००, मशागत व पेरणी रु. ३,६००, खुरपणी व तणनियंत्रण रु. २,८००, फवारणी रु. १,५००, काढणी व मळणी रु. ४,५००. एकूण खर्च रु. १७,०००.
निव्वळ उत्पन्न रु. ५,०००.

रब्बी हरभरा, १ एकर :
उत्पादन ४ क्विंटल, दर रु. ५,२००, एकूण रु. २०,८००.
खर्च : बियाणे रु. २,४००, मशागत व पेरणी रु. २,६००; खते रु. १,५००, घाटेअळीसाठी फवारणी रु. १,५००, काढणी व मळणी रु. ३,८००. एकूण खर्च रु. ११,८००.
निव्वळ उत्पन्न रु. ९,०००.

दोन्ही हंगामांची बेरीज केली तर एकूण विक्री रु. ४२,८००, खर्च रु. २८,८०० आणि निव्वळ उत्पन्न रु. १४,००० येते. विक्रीची रक्कम सांगितली तर ही भगिनी मर्यादेच्या दुपटीहून वर जाते. निव्वळ उत्पन्न पाहिले तर ती मर्यादेच्या बरीच आत राहते. जमीन तीच, पीक तेच, बाई तीच. फरक फक्त हिशेबाचा आहे.

शेती अर्थशास्त्रात खर्चाचे 'अ', 'ब' व 'क' असे प्रकार करतात. 'अ' मध्ये प्रत्यक्ष केलेला खर्च येतो : बियाणे, खते, औषधे, मजुरी, बैलजोडी किंवा ट्रॅक्टरचे भाडे, अवजारांची घट, खेळत्या भांडवलावरील व्याज, शेतसारा. 'ब' मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्थिर भांडवलावरील व्याज मिळवतात. 'क' मध्ये घरच्या माणसांच्या मजुरीचे मूल्यही धरतात. पीक किफायतशीर आहे का हे पाहताना 'क' खर्च महत्त्वाचा असतो. पण उत्पन्नाच्या चौकशीत घरच्या मजुरीचा खर्च वजा मागू नये. ती मजुरी कोणाला दिलेली नसते, ती घरातच राहते. प्रत्यक्ष केलेला खर्च तेवढा दाखवावा आणि त्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. दाखल्यावर कोणता आकडा घ्यायचा हे शेवटी चौकशी करणारे अधिकारी ठरवतात. म्हणूनच एकूण विक्री व खर्च हे दोन्ही आकडे नोंदीसह त्यांच्यासमोर ठेवणे आपल्या हिताचे आहे.

४) मजुरी, शेळ्या आणि इतर मिळकत

आता दुसरी बाजू प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. दाखल्यात फक्त शेतीचे उत्पन्न येत नाही. सर्व मार्गांनी होणारी मिळकत त्यात येते. त्यात मजुरी, दूध, शेळ्या-कोंबड्यांची विक्री, शिवणकाम, घरभाडे, बँकेचे व्याज हे सर्व धरायचे असते.

वरील भगिनीने वर्षात २० दिवस रोज रु. ३०० प्रमाणे मजुरी केली तर रु. ६,००० वाढतात व तिचे उत्पन्न रु. २०,००० होते. अजून ती मर्यादेच्या आत आहे. तिने आणखी चार दिवस काम केले तर रु. १,२०० वाढून आकडा रु. २१,२०० होतो आणि ती मर्यादेबाहेर जाते. भूमिहीन मजुराचा हिशेब याहून कडक आहे. रोज रु. ३०० प्रमाणे ७० दिवसांचीच मजुरी रु. २१,००० होते. वर्षाचे दिवस ३६५ आहेत. यावरून ही मर्यादा किती खालची आहे हे आपल्या लक्षात येईल.

आणखी एक अडचण आहे. उत्पन्न रु. २०,९०० असेल तर वर्षाला रु. १८,००० चे अनुदान मिळते आणि उत्पन्न रु. २१,१०० असेल तर एक रुपयाही मिळत नाही. दोनशे रुपयांच्या मिळकतीसाठी अठरा हजार जातात. ही मर्यादा बांधासारखी आहे : अलीकडे पूर्ण ओल, पलीकडे कोरडे. समपातळीवर चर काढल्याप्रमाणे अनुदान हळूहळू कमी होत गेले असते तर हा प्रश्न आला नसता. म्हणून मर्यादेच्या काठावर असलेल्या कुटुंबाने आपला हिशेब विशेष काळजीने लिहून ठेवावा.

यावर "मग मिळकत लपवावी" असा सल्ला कोणी दिल्यास ऐकू नये. खोटा दाखला सापडल्यास लाभ बंद होतो व घेतलेली रक्कम परत करावी लागते. शेतकरी सन्मान निधीच्या बाबतीत अनेक अपात्र खातेदारांकडून अशी वसुली झालेली आहे. आज आधार, बँक खाते, जमिनीच्या नोंदी व शिधापत्रिका एकमेकांशी जोडल्या जात आहेत. शिवाय आपण घेतलेला खोटा लाभ गावातील एखाद्या खऱ्या निराधाराविषयी संशय वाढवतो, हेही विसरू नये.

शेती उत्पन्नावर आयकर नाही म्हणून ते दाखल्यातही धरायचे नाही, असाही समज आढळतो. तो चुकीचा आहे. आयकरातील सूट वेगळी आणि कल्याणकारी योजनांची पात्रता वेगळी.

५) बचत केल्याने पगार बंद होतो का?

"खात्यात पैसे दिसले तर निराधारचा पगार बंद होतो" अशी भीती अनेक गावांत आहे. त्यामुळे वृद्ध माणसे पैसे डब्यात ठेवतात आणि काही भगिनी बचत गटातून नाव काढून घेतात. ही भीती कोठून आली असावी? काही देशांत बचतीवर खरोखर मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये अल्प उत्पन्न कुटुंबांच्या मुख्य सहाय्य योजनेत ६,००० पौंडांपर्यंतच्या बचतीचा परिणाम होत नाही. त्यापुढे सहाय्य हळूहळू कमी होते व १६,००० पौंडांच्या वर ते मिळत नाही. अमेरिकेत गरीब वृद्ध व दिव्यांगांच्या एका योजनेत एकट्या व्यक्तीच्या बचतीची मर्यादा २,००० डॉलर व जोडप्यासाठी ३,००० डॉलर आहे आणि १९८९ पासून ती वाढलेली नाही.

आपल्या निराधार व श्रावणबाळ योजनांची कसोटी मात्र वार्षिक उत्पन्नाची आहे, शिल्लक रकमेची नाही. बचतीवरचे व्याज हे उत्पन्न आहे, मूळ रक्कम नाही. खात्यात रु. १०,००० असतील तर दर साल दर शेकडा ४ प्रमाणे वर्षाचे व्याज रु. ४०० होते. उत्पन्नात हे चारशे रुपये धरावेत. एवढ्यासाठी दहा हजार रुपये डब्यात ठेवून चोर, उंदीर आणि मागायला येणारे नातेवाईक यांच्या हवाली करणे शहाणपणाचे नाही.

आज अनुदान आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होते. तेव्हा खाते चालू ठेवणे हीच पहिली गरज आहे. खाते दीर्घकाळ न वापरल्याने निष्क्रिय झाल्यास रक्कम अडकते.

६) मालमत्तेच्या अटी : घरकुल आणि किसान क्रेडिट कार्ड

बचतीची नसली तरी मालमत्तेची अट आपल्याकडे काही योजनांत आहे. प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण यात सपाट प्रदेशात रु. १ लाख २० हजार व डोंगरी भागात रु. १ लाख ३० हजार सहाय्य मिळते. २०२४ मध्ये तिच्या अपात्रतेच्या अटी सुधारण्यात आल्या. दुचाकी, शीतकपाट आणि घरचा दूरध्वनी या कारणांनी आता कुटुंब अपात्र होत नाही. कुटुंबातील व्यक्तीच्या मासिक मिळकतीची मर्यादा रु. १०,००० वरून रु. १५,००० करण्यात आली. मात्र पुढील अटी शेतकऱ्यांनी लक्षात ठेवाव्यात. खालीलपैकी एक जरी लागू असली तरी कुटुंब अपात्र ठरते.

- तीन किंवा चार चाकी वाहन, अथवा तीन किंवा चार चाकी यांत्रिक शेती अवजार
- रु. ५०,००० किंवा अधिक मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड
- अडीच एकर किंवा अधिक बागायत जमीन
- पाच एकर किंवा अधिक जिरायत जमीन
- आयकर किंवा व्यवसाय कर भरणारी व्यक्ती
- शासकीय नोकर

किसान क्रेडिट कार्डाची अट वाचून काही शेतकरी कार्डच बंद करायला निघतात. आधी हिशेब करावा. पेरणीसाठी रु. ६०,००० आठ महिन्यांकरिता लागतात असे धरू. सावकाराकडून दरमहा शेकडा ३ रुपयांनी घेतल्यास व्याज रु. १४,४०० होते. बँकेकडून सालीना ७ टक्क्यांनी रु. २,८०० होते व वेळेवर फेड केल्यास ३ टक्के सवलत मिळून ते रु. १,६०० वर येते. म्हणजे दर हंगामी वर्षाला रु. १२,८०० चा फरक पडतो. घर आधीच पक्के असेल किंवा यादीत नाव येण्याजोगी स्थिती नसेल, तर केवळ आशेवर कार्ड बंद करणे म्हणजे स्वतःहून सावकाराच्या दारी जाणे होय.

७) आज तरुण असलेल्या शेतकऱ्याने काय करावे?

निराधारचा पगार हा शेवटचा आधार आहे. त्यावर विसंबून म्हातारपणाची आखणी करू नये. १८ ते ४० वयाच्या, दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यांसाठी प्रधानमंत्री किसान मानधन योजना सप्टेंबर २०१९ पासून आहे. १८ व्या वर्षी प्रवेश घेतल्यास दरमहा रु. ५५ व ४० व्या वर्षी घेतल्यास रु. २०० भरावे लागतात. तेवढीच रक्कम केंद्र शासन भरते. वयाच्या ६० वर्षांनंतर दरमहा रु. ३,००० निवृत्तीवेतन मिळते आणि लाभार्थ्याच्या मृत्यूनंतर जोडीदाराला त्याच्या निम्मे मिळते. सन्मान निधीच्या हप्त्यातून परस्पर वर्गणी भरण्याची सोय आहे.

कोणी म्हणेल, "तीन हजार मिळू लागले की वर्षाचे छत्तीस हजार होतात, मग श्रावणबाळची मर्यादा ओलांडली जाते." खरे आहे. पण पंधराशे रुपयांसाठी तीन हजार सोडणे हा व्यवहार होत नाही. शिवाय निवृत्तीवेतन मिळण्यासाठी दर वर्षी गरिबी सिद्ध करावी लागत नाही.

८) अर्ज करण्यापूर्वीची तयारी

१. वारस नोंद : घरातील खातेदार मयत झाल्यास वारस नोंदीचा अर्ज ताबडतोब द्यावा. सन्मान निधीतही १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना सर्वसाधारणपणे लाभ नाही, परंतु खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने आलेली जमीन याला अपवाद आहे.

२. वाटणी : सामायिक खात्यात आपला हिस्सा किती हे स्पष्ट करावे. सर्व सहधारक राजी असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करता येतो. वाटणी होईपर्यंत निदान ८-अ चा उतारा व हिश्शाबाबत सहधारकांचा लेखी जबाब चौकशीच्या वेळी द्यावा.

३. नोंदवही : शंभर पानी वही घ्यावी. डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर जमा. तारीख, बाब आणि रक्कम असे तीन रकाने पुरेत. बियाणे-खतांच्या पावत्या व बाजार समितीच्या पट्ट्या तारखेप्रमाणे त्याच वहीत चिकटवाव्यात.

४. चौकशीच्या वेळी : अर्जदाराने स्वतः हजर राहावे. विधवा भगिनीच्या वतीने दीर किंवा सासरे बोलतात आणि घोटाळा तेथेच होतो. जबाब वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नये.

५. कागदपत्रे : वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार, आधारशी जोडलेले बँक खाते, प्रकाराप्रमाणे पतीच्या मृत्यूचा दाखला किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र.

६. पोच : अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात देऊन पोच घ्यावी. उत्पन्नाचा दाखला ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे. मुदतीत दाखला न मिळाल्यास किंवा नाकारल्यास ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. पोच नसेल तर अपील उभे राहत नाही.

७. मंजुरीनंतर : वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा. तो न दिल्यामुळे अनेक वृद्धांचे अनुदान थांबते आणि घरच्यांना त्याचे कारण चार-चार महिने कळत नाही.

योजनांचे दर व अटी शासन निर्णयाने बदलत असतात. म्हणून अर्जाच्या आधी तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत चालू दर विचारून घ्यावा.

थोडक्यात

पावसाचे मोजमाप आपण मिलिमीटरमध्ये ठेवतो, खताची मात्रा किलोत मोजतो. घराच्या मिळकतीची मोजणी मात्र अंदाजावर सोडतो आणि तो अंदाज नेमका कठीण प्रसंगी आपल्यावर उलटतो. हिस्सा कागदावर आणावा, विक्री आणि खर्च दोन्ही लिहावेत, खरे असेल तेच सांगावे आणि बचत बँकेतच ठेवावी.

शेवटी एक विनंती. हा लेख वाचून झाल्यावर आपल्या वस्तीवरील एखाद्या अशा घरी जावे जिथे वाचणारे कोणी नाही, आणि वारस नोंद झाली आहे का एवढे विचारावे. मेळाव्यातील त्या भगिनीला हा प्रश्न पहिल्याच महिन्यात कोणी विचारला असता, तर तिची अडीच-पावणेतीन वर्षे वाचली असती.